गाणं लांब होतं म्हणून

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर बरेच महिने मला जमीन हलल्यासारखी वाटायची. खरोखर हलायची तेव्हा हलायचीच, पण हलत नसायची तेव्हासुद्धा. ओट्याशी भांडी घासताना, फुनाबोरीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना, दुपारच्या झोपेतून जाग येताना. मी आधी छताला टांगलेल्या दिव्याकडे बघायचे. दिवा स्थिर असला की समजायचं, हे आपलंच डोकं. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव. डॉक्टर म्हणाला, सगळ्यांनाच होतंय, मलाही होतंय. आता यावर काय बोलणार, कपाळ!

त्यामुळे त्या दिवसांतलं सगळं मला जरा डुलतच आठवतं. तिची पहिली भेटसुद्धा.

भूकंपानंतरचे धक्के चालूच होते. एका दुपारी चांगलाच मोठा धक्का बसला. मी दारातले बूट उचलले आणि हातात घेऊन चार मजले धावत खाली आले, ती थेट समोरच्या बागेत. चेरीच्या पाकळ्यांचा सडा पडला होता, आणि मी त्यात अनवाणी उभी. आमच्याच इमारतीतली दुसऱ्या मजल्यावरची तमिळ बाई तिथे आधीच आली होती. कडेवर दोन वर्षांची पोरगी. आमची ओळख नव्हती, जिन्यात मान हलवण्यापुरती. ती तरातरा माझ्याकडे आली, माझ्या हातातले बूट हिसकावून घेतले आणि माझ्या पायांशी आपटले.

"हातात काय घेतेस? पायात घाल! आधी पायात घाल!"

माझा पारा असा चढला म्हणता! जमीन हलतेय, खांबावरच्या तारा झुलताहेत, आणि ही बाई मला बुटांवरून झापतेय. "तुला काय करायचंय? माझे बूट, माझे पाय!" मी मराठीतच ओरडले. तिला एक अक्षर कळलं नसणार. ती आधी दचकली, मग हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पोरगी बिचारी एकदा तिच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी बूट घातले.

त्या वर्षी पुष्कळ भारतीय कुटुंबं परत गेली. जिना रिकामा झाला. आम्ही दोघी राहिलो, म्हणून मैत्रिणी झालो. मी वयानं मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणायची. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मध्ये तिचं मोडकंतोडकं हिंदी. इथे मी ते मराठीतच लिहितेय, कारण मला ते आता मराठीतच आठवतं. आमच्या गच्च्या एकाखाली एक नव्हत्या, जरा तिरक्या होत्या. ऊन पडलं की ती खालच्या गच्चीत गाद्या वाळत घालायची आणि मी वरून बडबडायचे. लांब नदीवरच्या पुलावरून गाड्या जायच्या, त्यांचा आवाज इथवर येताना अगदी मऊ होऊन यायचा. अशा किती दुपारी गेल्या कोण जाणे. त्यात ती पोरगी चालायची ती धावायला लागली, आणि बोलायची ती जपानीत बोलायला लागली. आई तमिळमध्ये विचारणार, ही जपानीत उत्तर देणार.

बुटांची गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली. जपानमध्ये शाळेत, सभागृहात, कुठेही गेलं की दारात बूट काढायचे. पुष्कळ ठिकाणी ठेवायला कपाट नसतं, मग प्लॅस्टिकची पिशवी देतात. बूट त्यात घालायचे आणि पिशवी हातात घेऊन आत हिंडायचं. सगळे हिंडतात. ही बाई कधीही नाही. ती बूट बाहेर पायरीवरच सोडायची. शाळेच्या सभेला मुसळधार पाऊस असला तरी बाहेर. येताना पाणी ओतून काढून तसेच ओले पायात घालायची. "अगं, पिशवी घे की, फुकट आहे," मी एकदा वैतागून म्हणाले. "अक्का, नको," एवढंच. मला वाटलं, असते एकेकीची तऱ्हा.

पोरगी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. निशि-कासाईला कुणाच्या तरी घरी साड्यांचं प्रदर्शन होतं. आम्ही तिघी गेलो. घरमालकिणीनं जिन्यापासूनच सतरंजी अंथरलेली. पोरगी सतरंजीच्या काठाशी थांबली, वाकली, बूट काढले, दोन्ही हातांत नीट धरले आणि मान जराशी खाली घालून आत गेली. इथली मुलं करतात तसंच, अगदी शिकवल्याबरहुकूम. तिथल्या बायका म्हणाल्या, किती गुणी गं मुलगी! मी कौतुकानं तिच्या आईकडे पाहिलं, तर तिचा चेहरा पांढराफटक. भिंतीला धरून उभी. मी आधी दिव्याकडे पाहिलं. दिवा स्थिर होता.

एकही साडी न बघता आम्ही बाहेर पडलो. पोरीला बागेत घसरगुंडीकडे पाठवलं आणि बाकावर बसून तिनं मला सांगितलं.

तिच्या गावाला बसस्टँडवरून घरी जायचं तर वरच्या आळीतून जावं लागतं. दोन्ही बाजूंना मोठी घरं, मध्ये देऊळ, आणि पलीकडे, गाव संपल्यावर, तिची वस्ती. वस्तीतल्या माणसानं वरच्या आळीत पायात चप्पल घालायची नाही. आळी लागली की वाकायचं, चपला काढायच्या, हातात घ्यायच्या आणि मान खाली घालून जायचं. आळी संपली की घालायच्या. कायदा केव्हाच झाला, रस्ता डांबरी झाला, मोबाइलचा मनोरा आला. आता कोणी उघडपणे काही बोलत नाही. पण तिची आई अजूनही आळीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबापाशी आली की वाकते. सवयीनं.

"आणि आईला नातीला बघायचंय. आम्ही एकदाही नेलं नाही तिला. आता आई थकलीय, फोनवर रडते. या सुट्टीत नेणार आहे." ती घसरगुंडीकडे बघत होती. "अक्का, आई आम्हाला न्यायला बसस्टँडवर येणार. आळी लागली की ती चपला काढणार. आणि आजीनं काढल्या म्हणून माझी मुलगी पण बूट काढून हातात घेणार. चांगल्या सवयीनं. कोणी न सांगता. देवळाच्या पायरीवर ते लोक बसलेले असतात. ते बघतील. म्हणतील, जपानला जन्मली तरी हिला बरोबर ठाऊक आहे."

मी पुण्याची. आमच्या घरात जात विचारत नाहीत असं आम्ही मोठ्या अभिमानानं सांगायचो. विचारायची गरजच कधी पडली नव्हती, हे त्या बाकावर बसून पहिल्यांदा डोक्यात आलं. आणि मला दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी रागावते, तशी रागावले.

"अगं मग सांग की तिला! स्वच्छ सांग, तिथे बूट काढायचे नाहीत म्हणून."

"ती का म्हणून विचारेल."

"मग का ते सांग."

"कुठल्या भाषेत सांगू?" ती म्हणाली. "तमिळमध्ये माझ्याकडे त्याला नुसत्या शिव्या आहेत, ज्या आम्ही खाल्ल्या त्या. इंग्रजीत सांगितलं की ते पुस्तकातल्या धड्यासारखं होतं. आणि जपानी मला बाजारापुरतं येतं. तिला कळते ती भाषा माझ्यापाशी नाहीये, अक्का." नवऱ्याकडून सांगायची सोय नव्हती. तोही तसल्याच गावचा. तो म्हणायचा, आपण इतक्या लांब आलो ते कशासाठी? त्या घाणीचं नावसुद्धा पोरीच्या कानावर पडायला नको.

"मी सांगू?" मी म्हटलं.

"तू सांगितलंस तर ती गोष्ट तुझी होईल," ती म्हणाली. मला राग आला, आणि ती खरं बोलतेय म्हणून जास्तच आला.

पुढे आला तो सिनेमा. आमच्या भागात दर वर्षी जूनमध्ये शेजारच्या मंडळाच्या सभागृहात भारतीय सिनेमा दाखवायचे. मंडळाचे प्रमुख ऐंशी पार केलेले जपानी आजोबा, हौशी माणूस. त्या वर्षी तमिळ कुटुंबांची पाळी होती आणि हिनं कधी नव्हे ते पुढे होऊन सांगितलं, सिनेमा मी आणते. तिच्या भावानं गावाकडून तबकडी पाठवली. तिच्यात चित्राखाली भाषांतराच्या ओळी कुठल्याच भाषेत नव्हत्या. आता जपानी मंडळींना कळणार कसं? आजोबांचा चेहरा उलट उजळला. म्हणाले, माझे आजोबा मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून अख्खी गोष्ट बोलून दाखवायचे, लोक नटापेक्षा त्यांना ऐकायला यायचे. आपण तसं करू! आणि त्यांनी बोट दाखवलं ते माझ्याकडे. कारण मी दवाखान्यात दुभाष्याचं काम करायचे, भारतीय बायकांचं दुखणं डॉक्टरला जपानीत सांगायचं. तमिळ मला येत नव्हतं. पण ती म्हणाली, मी अक्काच्या कानात इंग्रजीत सांगेन.

रविवारची दुपार, बाहेर झिमझिम पाऊस. सभागृहाला जाड काळे पडदे लावले आणि भर दिवसा आत गडद अंधार झाला. दारात प्रत्येकाला पिशवी मिळाली. सगळ्यांच्या मांडीवर आपापले बूट. तिचे तेवढे बाहेर पायरीवर, पावसात. पडद्याच्या बाजूला एक लहानसं टेबल, माइक, पाण्याचा पेला, आणि खुर्चीला खुर्ची लावून आम्ही दोघी. पोरगी पहिल्या रांगेत, पाय हलवत.

सुरुवातीला पांढऱ्या अक्षरांत आलं की ही गोष्ट खरोखर घडलेल्या एका अन्यायावरून घेतली आहे. मग गाव दिसलं. सकाळचं धुकं, शेणाचा सडा, आणि एक तरुण शिक्षिका गावाच्या शाळेत रुजू व्हायला निघालेली. वस्तीतलीच मुलगी. तिच्यापुढे चालणारा एक म्हातारा वाकला, त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि आळीतून गेला. तिनं काढल्या नाहीत. बस, एवढाच तिचा गुन्हा. तिथून पुढे धमक्या, बंद झालेली विहीर, जळालेली घरं, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या. अंधारात सभागृहभर प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर ऐकू यायला लागली. लोक मांडीवरचे बूट हलकेच खाली जमिनीवर ठेवत होते.

दुभाष्याच्या कामाची एक रीत असते. पेशंट म्हणाली "माझं पोट दुखतंय" की आपणही "माझं पोट दुखतंय" असंच म्हणायचं. ती म्हणते, बाई म्हणतात, असलं मध्ये घालायचं नाही. कानावर पडलं की जसंच्या तसं तोंडातून गेलं पाहिजे. काही वेळानं आपण आपले राहतच नाही, तंद्री लागते. मला त्या दुपारी तशीच लागली होती. पडद्यावरची माणसं, कानातली कुजबुज आणि माइकमधून येणारा माझाच आवाज, सगळं एका लयीत झुलत होतं. पेल्यातलं पाणी तेवढं स्थिर होतं. मी मधूनमधून बघून घेत होते.

मग गाणं लागलं. रिकामी आळी, कडुनिंबाची पानं, उन्हात झोपलेलं कुत्रं, आणि मागे एका बाईचा आवाज. लांबच लांब गाणं. मला वाटलं, हिला जरा श्वास घेता येईल. पण कानात कुजबुज चालूच राहिली, आणि मला वाटलं ती गाण्याचा अर्थ सांगतेय.

"मी सात वर्षांची होते," ती म्हणाली.

"मी सात वर्षांची होते," मी जपानीत म्हणाले.

"सणाला वडिलांनी शहरातून सँडल आणले. लाल, बक्कलचे. मला इतका आनंद झाला की आळी लागली तरी मी काढायला विसरले. पळत सुटले. टाचांचा आवाज येत होता, तो ऐकायला म्हणून अजून जोरात पळाले."

मी म्हणत गेले. तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. वस्तीतली शिक्षिका मोठी होती, सिनेमात कुठे लहान मुलगीच नव्हती. क्षणभर जीभ अडली. तिनं माझा हात घट्ट धरला आणि बोलत राहिली. मीही बोलत राहिले.

"मला कोणी हात लावला नाही. त्यांनी वडिलांना बोलावलं. माझे सँडल त्यांच्या डोक्यावर ठेवले आणि देवळासमोर उभं केलं, दिवस मावळेपर्यंत. मी शेजारी उभी होते. वडील मला सारखं सांगत होते, तुझं काही चुकलं नाही. तुझं काही चुकलं नाही. त्यानंतर मी गाव सोडून जाईपर्यंत कधी चप्पलच घातली नाही. हातात घ्यायला नको म्हणून."

गाणं संपलं. तमिळ मंडळी पडद्यावरच्या आवाजात बुडालेली, माझ्या जपानीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. जपानी मंडळींना वाटलं, गाण्यात हेच आहे, किंवा ही बाई स्वतःचं सांगतेय. दोन्हीकडचं कळणारी त्या अंधारात फक्त मुलं होती. मी पहिल्या रांगेत पाहिलं. तिचे पाय हलायचे थांबले होते. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती आईच्या ओठांकडे बघत होती.

पडदे उघडले तेव्हा सगळे डोळे चोळत उठले, परक्या घरात जागं झाल्यासारखे. मंडळाचे आजोबा माझ्यापुढे आले आणि कमरेत पार वाकले. म्हणाले, तुम्ही हे आम्हाला सांगितलंत, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. त्यांच्यामागे दोन-तीन म्हाताऱ्या रांगेनं. माझे वडील पेन्शनर, पुण्यात टेकडीवर फिरायला जाणारे! मला ओरडून सांगावंसं वाटलं की माझं नाही हो हे, माझं नाही. पण सांगायचं तर कोणाचं ते सांगावं लागलं असतं. मी तो नमस्कार घेतला आणि माझ्या शेजारी ती उभी होती, तिला पाठीला हात लावून जरा पुढे ढकललं. आजोबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाकले. कळलं असेल का त्यांना? देव जाणे.

येताना मी तिला विचारलं, "इतके सिनेमे पडलेत, नेमका हाच कसा आणलास?"

"गाणं लांब होतं म्हणून," ती म्हणाली.

पण पोरगी एक अक्षर बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. शाळेत जात होती, पोहायला जात होती, कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या करून खाली ठेवत होती. आई तिच्याभोवती घुटमळायची. रोज गच्चीतून वर बघून मला विचारायची, "अक्का, तिला कळलं असेल ना?" मी म्हणायचे, "कळलंय गं." "मग बोलत का नाही?" आता मी काय पोरीच्या पोटात शिरून बघू? माझाही जीव टांगणीला लागला होता. सुट्टी लागली आणि त्या दोघी गावाला निघाल्या. नवरा कामासाठी इथेच. निघताना पोरीनं जिन्यात बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. दोनदा गाठ मारली. मला टाटा केलं, तेही जपानीत.

त्यानंतर नुसतं ऊन आणि झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कलकलाट. खालच्या गच्चीत गाद्या नाहीत. मी नदीच्या काठानं सायकल घेऊन जायचे आणि मध्येच मला ती आळी दिसायची, मी कधीही न पाहिलेली.

त्या परत आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वर आली. चहासुद्धा घेईना. उभ्या उभ्याच सांगायला लागली.

तिची आई बसस्टँडवर न्यायला आली होती. वाळून एवढीशी झालेली. कडुनिंबापाशी आल्यावर ती वाकली, चपला काढल्या, हातात घेतल्या. आणि तिच्यामागून पोरगीही वाकली. "अक्का, माझं काळीज थांबलं." पण पोरीनं आपल्या नाड्यांना हात लावला नाही. तिनं आजीच्या हातातून चपला काढून घेतल्या आणि रस्त्यावर ठेवल्या. जोडीनं, नीट, टोकं पुढच्या बाजूला, इथे दारात पाहुण्यांसाठी ठेवतात तशा. आजी म्हणाली, राहू दे गं बाळा, माझ्या पायांना सवय आहे. देवळाच्या पायरीवरचे बोलायचे थांबले. त्यातला एक उठून उभा राहिला. पोरगी मग आळीच्या मधोमध फतकल मारून खाली बसली, चपलांसमोर.

"मात्तेमास," म्हणाली. वाट बघते, म्हणजे.

त्या आळीत जपानी कोणाला येणार? पण कळलं सगळ्यांना. उभा राहिलेला माणूस तसाच उभा राहिला, पुढे आला नाही. ऊन रणरणत होतं. पोरगी हलायला तयार नाही. शेवटी आजीनं लेकीच्या खांद्याचा आधार घेतला, एक पाय घातला, मग दुसरा.

आणि तिघी चालायला लागल्या. देवळापर्यंत गेल्या असतील नसतील, तर आजी थांबली. वळून मागे बघायला लागली. लेकीनं विचारलं, काय झालं, आई?

आजी म्हणाली, "चपला वाजताहेत. कोण येतंय गं मागून?"